पिक्सेल ९ए : लोकलमध्ये उभ्याने लिहिणाऱ्यांसाठी

प्रवासात मोबाइलवरच मराठी मजकूर लिहून संपादकाकडे पाठवणाऱ्यांनी नवा फोन घेताना कॅमेऱ्याचे आकडे बाजूला ठेवावेत आणि आधी वजन बघावं. गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरलेली असते, लिहायला उरतो दुसऱ्या हाताचा अंगठा. गॅलॅक्सी एस२४ अल्ट्राचा पेन सुरेख आहे, पण २३२ ग्रॅमचा तो फोन एका हाताने फार वेळ पेलवत नाही. गूगलचा पिक्सेल ९ए १८६ ग्रॅमच्या आसपास आहे आणि स्क्रीन ६.३ इंचांची. लिहिणाऱ्यासाठी हे माप अगदी योग्य वाटतं. जीबोर्ड या गूगलच्या टायपिंग ॲपमधला एकहाती कीबोर्ड सुरू केला की देवनागरीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत अंगठा पोचतो.

एप्रिल २०२५मध्ये हा फोन भारतात ४९,९९९ रुपयांना आला. ८ जीबी रॅम, २५६ जीबी जागा, मेमरी कार्ड नाही. रॅमचा मुद्दा लेखकाला थेट भिडतो. गूगल डॉक्समधून संदर्भाच्या पीडीएफमध्ये जावं, मध्येच व्हॉट्सॲपवर उत्तर द्यावं आणि परत यावं, तर ४ जीबीच्या जुन्या फोनवर डॉक्स नव्याने उघडतं आणि आपण कुठे होतो ते शोधत बसावं लागतं. ८ जीबीत ही कटकट बहुतांशी थांबते. जागेची चिंता नको. १२८ केबीपीएसने (हा आकडा आवाजाचा दर्जा ठरवतो) ध्वनिमुद्रण केलं तर तासाला साधारण ५८ एमबी लागतात, त्यामुळे मुलाखतींचे शेकडो तास मावतील.

खरी परीक्षा टायपिंगची. जीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी निवडल्यावर देवनागरी मांडणी, रोमन अक्षरांतून मराठी आणि हस्ताक्षर असे पर्याय येतात. लिहायला सोपं म्हणून बहुतेक जण रोमन घेतात. आमचं मत देवनागरी मांडणीच्या बाजूने आहे, कारण छापखान्यात गडबड होते ती नेमकी अक्षरांच्या घडणीमुळे, आणि देवनागरीत कोणतं अक्षर घ्यायचं ते आपल्या हातात राहतं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे तयार होतो : स्वतंत्र ‘ऱ’ हे अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण डीटीपीवाले, म्हणजे छपाईसाठी पानं लावणारे, फोनवरचा युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलतात तेव्हा ते अदृश्य चिन्ह गळू शकतं, मग अंकात ‘दुसर्या’ छापून येतं. ‘ॲ’चंही तेच : एकसंध अक्षर वेगळं आणि ‘अ’वर चंद्र चढवलेलं वेगळं. एका पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच असं नाही. म्हणून दुकानातच ‘दुसऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, ॲड’ हे चार शब्द टाइप करा आणि कोणत्या कळा दाबाव्या लागतात ते बघा. अंकाला मजकूर पाठवताना सोबत पीडीएफही जोडा, म्हणजे मुद्रितशोधकाला ताडून पाहता येतं.

जीबोर्डचा क्लिपबोर्ड तासाभराने पुसला जातो. कापून ठेवलेला परिच्छेद हवा असेल तर पिन करा.

आवाजी टायपिंगबद्दल दुकानदार फार उत्साहाने सांगतो. पिक्सेलवर इंग्रजी बोलताना विरामचिन्हं आपोआप पडतात, मराठीत ती नंतर हाताने घालावी लागतात. शिवाय डब्यातल्या पंख्यांचा आवाज, उद्घोषणा, शेजारच्यांच्या गप्पा असं सगळंच माइकमध्ये जातं. बसस्टॉपवर एखादी कल्पना पटकन टिपायला ते ठीक, सलग लेखनाला नाही. पिक्सेलच्या रेकॉर्डर ॲपमधली बोललेलं लिहून देण्याची सोयही मराठीला मिळत नाही. फक्त त्यासाठी पिक्सेल घेऊ नका.

भुयारी मेट्रोत किंवा बोगद्यात नेटवर्कवर विसंबू नका. डॉक्सच्या सेटिंगमध्ये अलीकडच्या फायली ऑफलाइन ठेवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करा. महत्त्वाची फाइल मात्र तिच्या तीन टिंबांच्या मेनूतून वेगळी ऑफलाइन करा, कारण ‘अलीकडच्या’ यादीत जुनं प्रकरण असेलच असं नाही. तीच फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उघडी ठेवून इथे ऑफलाइन दुरुस्त्या केल्या, तर जोडणी आल्यावर दोन्हीकडचे बदल एकमेकांत मिसळतात. निघताना तिकडची फाइल बंद करावी.

बॅटरी ५१०० एमएएचची आहे, दिवसभराच्या लिखाणाला पुरेशी. चार्जिंग मात्र २३ वॅटचं, म्हणजे सावकाश, आणि खोक्यात चार्जर नाही. घरातल्या दुसऱ्या फोनचा ८० वॅटचा चार्जर लावून वेग वाढत नाही. यूएसबी पीडी (अनेक कंपन्यांच्या फोनना चालणारी चार्जिंगची सामाईक पद्धत) लिहिलेला घ्या. याहून गंभीर गोष्ट अशी की २०० चार्जिंग फेऱ्यांनंतर हा फोन बॅटरीचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी करत नेतो, १००० फेऱ्यांपर्यंत, म्हणजे एका चार्जवर फोन कमी वेळ चालतो, आणि ९एमध्ये ते बंद करता येत नाही. रोज एक पूर्ण फेरी धरली तर सातव्या महिन्यापासूनच. सात वर्षं अपडेट मिळणार असल्या तरी बॅटरी बदलण्याचा खर्च हिशेबात धरूनच खरेदी करा.

पावसाळ्यासाठी आयपी६८ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आहे. ते गोड्या पाण्याचं प्रमाणपत्र, मरीन ड्राइव्हच्या खाऱ्या लाटांचं नाही. स्क्रीनवर थेंब पडले की टायपिंग बिघडतं, त्यामुळे रुमाल हवाच. चार्जिंगचं भोक ओलं असताना केबल लावू नका.

हातातल्या फोनला ८ जीबी रॅम असेल आणि त्रास फक्त बॅटरीचा असेल, तर अधिकृत केंद्रात बॅटरी बदला आणि थांबा. रॅमच कमी असेल तर ९ए घ्यावा. जुना फोन एक्सचेंजमध्ये देण्याआधी जीबोर्डने शिकलेले शब्द नव्या फोनवर आपोआप येतील असं धरून चालू नका आणि ध्वनिमुद्रणं स्वतः कॉपी करून घ्या. रेकॉर्डिंग ॲपने ती स्वतःच्या खासगी फोल्डरमध्ये ठेवली असतील, तर फोन बदलताना ती मागेच राहू शकतात.