शोभेचा नॉब : लाकूड जाळून रेखाटण्याचे यंत्र घेताना झालेली फसवणूक

मी सावंतवाडीजवळच्या एका गावात राहतो आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून शिवणीच्या लाकडात पक्षी कोरतो. आमच्या चितारआळीतील लाकडी फळे आणि खेळणी रंगवलेली असतात, जाळून रेखाटलेली नसतात. त्यामुळे पायरोग्राफीच्या, म्हणजे लाकूड जाळून रेखाटण्याच्या, साधनाविषयी विचारावे असे जवळपास कोणी नव्हते. गेल्या पावसाळ्यात एक खंड्या कोरून झाला आणि त्याच्या पंखांवरील पिसांच्या बारीक रेघा जाळून काढाव्यात असे मनात आले, तेव्हा मी मोबाइलवर शोधाशोध केली. दुसऱ्याच दिवसापासून त्याच यंत्राच्या जाहिराती माझ्यासमोर येऊ लागल्या, आणि त्यांतल्या एका जाहिरातीला मी १,८९९ रुपयांना बळी पडलो.

जाहिरातीतील चित्रफितीत एक हात पेनासारख्या बारीक दांड्याने घुबडाचे पीस रेखाटत होता. टोक म्हणजे वाकवलेली एक तार होती, ती क्षणात लाल होत होती आणि शेजारी ठेवलेल्या छोट्या पेटीवरचे बटण फिरवले की रेघ फिकट किंवा गडद होत होती. खाली ‘६० वॅट, २०० ते ४५० अंश, ३७ नगांचा संच’ असे लिहिले होते. चित्रातली वस्तू आणि खालचा मजकूर हे दोन वेगवेगळ्या यंत्रांचे आहेत, हे मला तेव्हा कळले नाही. कळायला हवे होते, असे आता वाटते.

या कामासाठी मुख्यतः दोन प्रकारची यंत्रे मिळतात. पहिला प्रकार सोल्डरिंग आयर्नच्याच, म्हणजे वायरींना डाग देण्याच्या यंत्राच्याच, जातीचा : दांड्यात तापणारी गुंडाळी आणि पुढे स्क्रूने बसवायचे जाड पितळी टोक. दुसऱ्यात ट्रान्सफॉर्मरची वेगळी पेटी असते, ती अगदी कमी व्होल्टचा पण मोठा प्रवाह देते आणि पुढची नायक्रोम या मिश्रधातूची तार स्वतःच तापते. जाड पितळी टोक तापायला काही मिनिटे घेते आणि लाकडाने उष्णता ओढून घेतली की पुन्हा तापायलाही वेळ लावते. तार काही सेकंदांत तापते आणि निवतेही तितक्याच लवकर. नक्षीची ठसठशीत किनार, नाव, पानाची कड यांना पहिला प्रकार पुरतो. पिसांसाठी, जिथे एका सेंटिमीटरमध्ये दहा-बारा रेघा बसवायच्या असतात, तिथे दुसराच लागतो. मला चित्रात दाखवला दुसरा, आणि खोक्यातून निघाला पहिला.

पैसे दिल्याशिवाय खोके उघडता येणार नाही असे कुरिअरवाल्या मुलाने सांगितले, आणि त्यात त्या मुलाचा काही दोष नाही. आत एक निळा दांडा, दांड्यावर तापमानाचे आकडे छापलेला नॉब आणि निळा दिवा होता. ‘३७ नग’ म्हणजे टोके असतील अशी माझी समजूत होती, पण टोके अकराच निघाली; बाकी प्लास्टिकचे साचे, कार्बन पेपर आणि रंगीत पेन्सिली होत्या. तरीही चालवून पाहू म्हणून मी शिवणीच्या तुकड्यावर रेघ ओढली. पहिला सेंटिमीटरभर काळी, नंतर तपकिरी आणि पुढे नुसता ओरखडा अशी ती उमटली. पुन्हा रंग धरण्यासाठी टोक पाऊण मिनिट हवेत धरावे लागे. दाब वाढवला तर लाकडाचा मऊ भाग दबे आणि कठीण पट्टा तसाच राही. नॉब ४५० वर असो वा २०० वर, रेघ तीच.

माझा हात चुकत असेल असे समजून मी चार दिवस घालवले आणि खंड्याचा डावा पंख खराब केला. मग एका संध्याकाळी फ्रिजसकट घरातले सगळे बंद केले, फक्त हे यंत्र लावले आणि मीटरसमोर घड्याळ घेऊन उभा राहिलो. माझ्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुक असे लिहिलेले आहे, म्हणजे ६० वॅटच्या यंत्राने दहा मिनिटांत लाल दिवा ३२ वेळा लुकलुकवायला हवा. तो १३ वेळा लुकलुकला. नॉब शेवटच्या टोकाला नेऊन पुन्हा मोजले, तरीही १३. हिशेब केला तर जेमतेम २५ वॅट भरतात.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनकडे यंत्र नेले. त्याने मल्टिमीटर लावला, रोध साधारण २१०० ओहम आला आणि त्यावरूनही २३० व्होल्टला २५ वॅटच निघाले. मग त्याने दांड्याचे दोन स्क्रू काढले. नॉबखाली प्लास्टिकची एक दांडी होती, ती एका खाचेत फिरत होती आणि तिला एकही वायर जोडलेली नव्हती. निळा दिवा तेवढा खरा होता. “गुरुजी, हो नॉब नुसतो शोभेक आसा,” तो म्हणाला. हसण्यासारखी गोष्ट तेवढीच. प्लग तीन पिनांचा असूनही अर्थिंगच्या पिनेपासून पुढच्या धातूच्या नळीपर्यंत वायरच नव्हती, आणि चालू यंत्राच्या नळीला टेस्टर लावला तर तो मंद पेटला. ती नळी मी चार दिवस बोटापासून दोन इंचांवर धरून बसलो होतो. वॅट कमी निघाले याचा राग एक वेळ गिळता येतो, याचा येत नाही.

खोक्यावर आयएसआयचे चिन्ह होते. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि तो परवाना भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो. इथे चिन्हाच्या वर काही नव्हते आणि खालीही काही नव्हते. उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव आणि पत्ताही नव्हता. जाहिरात पाहताना मी खोक्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागितले असते, तर हे पैसे न देताच कळले असते.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “गरम होते ना सर? मग डिफेक्टिव्ह नाही.” खोके उघडतानाची चित्रफीत नाही म्हणून परतावाही नाही, असेही सांगण्यात आले. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे, असे मी लिहून पाठवले. त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ही माहिती मला या प्रकरणानंतरच झाली.

मधल्या काळात बाजारातल्या विजेच्या दुकानातून २५ वॅटचे साधे सोल्डरिंग आयर्न २८० रुपयांना घेतले, परवाना क्रमांक तिथेच तपासला आणि पक्के बिल घेतले. त्याचे तांब्याचे टोक कानशीने घासून सुरीच्या धारेसारखे केले. वॅट तेवढेच असले, तरी ते २५ म्हणूनच विकले होते, आणि पातळ केलेले टोक लाकडात कमी रुतते. एका दमात तीन सेंटिमीटर रेघ सहज जाते. चोचीची कड आणि पायाखालची फांदी त्यावर चांगली झाली. पिसे मात्र त्यावर होत नाहीत, त्यासाठी तारेच्या यंत्राचे पैसे साठवतो आहे, आणि ते घेताना पेटी समोर ठेवून, माझ्याच लाकडाच्या तुकड्यावर रेघ ओढून पाहिल्याशिवाय पैसे देणार नाही. त्या निळ्या यंत्राचे स्क्रू वायरमनकडून पुन्हा बसवून घेतले आहेत. साचे, पेन्सिली आणि कुरिअरच्या चिठ्ठीसह ते खोक्यात बांधून कपाटावर ठेवले आहे, कारण तक्रार अजून मिटलेली नाही.