लेव्होडोपा-कार्बिडोपा 25/100: गोळी चोख, वापराच्या सूचना अपुऱ्या

पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामीन घटतं, पण डोपामीनचीच गोळी देऊन भागत नाही. मेंदूच्या केशवाहिन्यांतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की रक्तातलं डोपामीन त्यांच्यामधून झिरपत नाही. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल. ल्यूसिन, फिनाइलअ‍ॅलानिन यांना आत नेणारं वाहक प्रथिन त्यालाही नेतं. आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं.

खरी करामत मात्र कार्बिडोपाची. ते मेंदूत शिरत नाही, आणि तोच त्याचा गुण. लेव्होडोपाचं डोपामीन करणारं एन्झाइम ते मेंदूच्या बाहेरच रोखतं. त्यामुळे लेव्होडोपा सुमारे 75 टक्के कमी लागतं आणि त्याचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) 50 मिनिटांवरून दीड तासावर जातं.

25/100 म्हणजे 25 मिलिग्रॅम कार्बिडोपा आणि 100 मिलिग्रॅम लेव्होडोपा. पाकिटावरचा पहिला आकडा म्हणूनच महत्त्वाचा. एन्झाइम पुरतं रोखायला दिवसाला 70 ते 100 मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. 25/100 तीनदा घेतली की 75 होतात. 10/100 तीनदा घेतली तर जेमतेम 30. मग मेंदूबाहेरच डोपामीन बनतं आणि मळमळ सुरू होते, कारण रक्तातल्या विषारी द्रव्यांची चाहूल घेऊन उलटी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाला त्या घट्ट बिलगलेल्या पेशींचा अडसरच नाही. त्यावर मेटोक्लोप्रमाइड घेणं चूक: ते अडसर ओलांडतं आणि कंप, ताठरपणा वाढवतं. डोम्पेरिडोन बहुतांशी बाहेरच राहतं, पण हृदयाची लय बिघडवू शकतं. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.

‘गोळी लागू पडत नाही’ ही तक्रार पुष्कळदा जेवणाची असते. प्रथिनांतली अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या दाराशी, दोन्हीकडे त्याच वाहकासाठी रेटारेटी करतात. जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने घ्यावी. लोहाची गोळी लेव्होडोपाला बांधून ठेवते, म्हणून दोन तासांचं अंतर हवं. एवढी साधी गोष्ट पाकिटावर ठळक का नसावी?

लघवी गडद झाली तर घाबरायचं कारण नाही. काही वर्षांनी मात्र पुढच्या गोळीआधीच असर ओसरू लागतो, अनैच्छिक हालचालीही होतात. ही या औषधाची मोठी उणीव. औषध सावकाश सोडणारी गोळी साध्या गोळीच्या 70-75 टक्केच अंगी लागते, त्यामुळे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी अदलाबदल चालत नाही. ती कुटायची किंवा चावायची नाही. आणि या दोन्हींपैकी कुठलीही गोळी एकदम बंद करू नये: तीव्र ताप, ताठरपणा आणि गोंधळलेपण अशी जिवावरची अवस्था ओढवू शकते.