हापूसचं कलम म्हणून गळ्यात मारलेलं रायवळ

जाहिरातीत लिहिलं होतं : रत्नागिरी हापूसचं अस्सल कलम, जीआय (भौगोलिक मानांकन) प्रमाणित, बुटकी जात, कुंडीत कायम चार फूट, दुसऱ्या वर्षी फळ. किंमत 150 कॅनेडियन डॉलर. आणखी 40 डॉलर दिले तर सोबत ‘1000 वॅट’चा दिवा. पैसे फक्त इंटरॅक ई-ट्रान्सफरने, म्हणजे कॅनडात एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पाठवायच्या सोयीने. टोरोंटोजवळ मिसिसागातल्या एका मराठी घरात हे रोप मार्चमध्ये पोचलं. सप्टेंबरमध्ये कुंडी उलटी करून ते तपासलं तेव्हा जाहिरातीतला एकही शब्द खरा निघाला नाही. गावाकडच्या आंब्याची आठवण काढत लोक असे पैसे देतात आणि मग थंडीला दोष देऊन गप्प बसतात. म्हणून त्या रोपात काय सापडलं आणि ते पहिल्याच दिवशी कसं ओळखता आलं असतं, हे सविस्तर लिहितो आहोत.

आधी जोड. कलम म्हणजे खालचा खुंट एका झाडाचा आणि वरची काडी दुसऱ्या झाडाची. या रोपाला जमिनीपासून 12 सेंटीमीटरवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली होती आणि तीच कलमाची खूण म्हणून दाखवली होती. पट्टी सोडल्यावर आत चाकूने सालीला दिलेला एक तिरका काप दिसला, तोही एकाच बाजूला आणि भरून आलेला. खोड खालून वर सलग एकच होतं. खऱ्या जोडाला पाचर किंवा तिरक्या कापाची रेघ खोडाच्या दोन्ही बाजूंना दिसते, तिथे थोडी गाठ असते, वरच्या आणि खालच्या सालीचा रंग किंवा खडबडीतपणा वेगळा असतो, बरेचदा जाडीतही फरक असतो. गळून गेलेल्या पानांच्या खुणाही बघायच्या. बियाच्या रोपावर त्या खालून वर एका क्रमाने चढत जातात. कलमावर जोडापाशी हा क्रम तुटतो.

पुढचा पुरावा मातीत होता. मुळं धुतली तेव्हा कोयीचा उरलेला भाग अजून चिकटलेला होता आणि त्याच कोयीतून निघालेले आणखी दोन कोंब मातीलगत कापून टाकलेले होते. म्हणजे एका कोयीतून तीन रोपं. हापूसच्या कोयीतून एकच रोप येतं. आपल्याकडच्या बहुतेक भारतीय जातींचं तसंच आहे, आणि ते एक रोपही आईसारखं निघेलच असं नाही, म्हणूनच कोकणात बाठ्यापासून वाढलेल्या झाडाला रायवळ म्हणतात आणि हापूस फक्त कलमाने वाढवतात. एका कोयीतून अनेक कोंब देणाऱ्या जाती आग्नेय आशियातल्या, फ्लोरिडातला टर्पेंटाइन हा खुंटही त्यातलाच, आणि कॅनडातल्या किराणा दुकानात पेटीने मिळणारा मेक्सिकोचा पिवळा अताउल्फोही. खऱ्या कलमाच्या खाली असा खुंट असला तर त्यात काही गैर नाही, फ्लोरिडात तीच पद्धत आहे. पण इथे वर काडी नव्हतीच. दोन डॉलरच्या आंब्याची कोय रुजवून तिला पट्टी बांधली होती, याहून वेगळा अर्थ लागत नाही.

फसवणुकीचा दुसरा प्रकार याहून ओळखायला कठीण. त्यात कलम खरोखर केलेलं असतं, पण काडी मेलेली असते. हिवाळ्यात पार्सलने आलेल्या रोपांत हे फार होतं : वरचा भाग काळा पडतो, खुंट जिवंत राहतो आणि महिन्याभरात जोडाच्या खालून जोमदार फूट येते. विकणारा लिहितो, “बघा, पालवी आली, झाड जगलं.” जगला तो खुंट. जोडाच्या वर आणि खाली नखाने साल किंचित खरवडा. वर तपकिरी आणि खाली हिरवं दिसलं, तर कलम गेलं, आणि खालची फूट कितीही सुंदर असली तरी ती हापूस नाही. घेतानाच अट घालावी की जोडाच्या वर निदान दोन पालव्या येऊन पूर्ण पिकलेल्या, गडद हिरव्या झालेल्या असाव्यात. नुकतं बांधलेलं कलम काडीतल्या अन्नसाठ्यावरही एक पालवी काढतं आणि मग सुकतं, म्हणून एका पालवीवर विश्वास नको.

हा सगळा धंदा वेळकाढूपणावर चालतो. बियाचं आंब्याचं झाड मोकळ्या जमिनीत, कोकणच्या हवेत असलं तरी फळाला पाच ते आठ वर्षं घेतं. थंड देशात, घरातल्या उजेडात त्याहून जास्त. पैसे परत मागायची मुदत मात्र महिन्यांत मोजायची असते. पेपॅलवर तक्रारीला 180 दिवस मिळतात, तेही खरेदी म्हणून पैसे भरले असतील तरच. ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायाने पाठवलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण नसतं, आणि विकणारे नेमका तोच पर्याय सुचवतात. कॅनडातल्या ई-ट्रान्सफरने किंवा अमेरिकेतल्या झेल (Zelle) या तशाच सेवेने पाठवलेले पैसे एकदा खात्यात जमा झाले की रक्कम परत आणणं जवळपास अशक्य. मिसिसागाच्या घरात मार्चमध्ये पानं काळी पडली तेव्हा उत्तर आलं, “थंडीचा धक्का आहे, मेपर्यंत थांबा.” मेमध्ये फूट आली तेव्हा “आता उन्हाळाभर बघा.” ऑगस्टनंतर उत्तरं बंद झाली. क्रेडिट कार्डाने पैसे भरू न देणाऱ्या माणसाकडून झाड घेऊच नये, आणि खोकं उघडतानाच तारखेसह फोटो काढावेत : पत्त्याची चिठ्ठी, बंद खोकं, पट्टी सोडलेला जोड, कुंडीतून बाहेर काढलेली मुळं. पट्टी सोडायला घाबरू नका. दोन पालव्या पिकलेल्या कलमाला तिची गरज उरलेली नसते. उलट ती तशीच राहिली तर खोड आवळतं.

आता ‘बुटकी जात’. हापूस बुटका नाही. कोकणात त्याचे जुने वृक्ष दोन माणसांच्या कवेत मावत नाहीत. छाटणी करून त्याला कुंडीत सहा-सात फुटांवर ठेवता येतं, पण तो एक वर्षाआड फळणारा आहे आणि कुंडीत मोहोर आधीच कमी. काही विक्रेते रोप बुटकं दिसावं म्हणून पॅक्लोब्युट्राझोल वापरतात. हेच औषध कोकणात ‘कल्टार’ नावाने पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याशी ओततात, मोहोर लवकर आणि नियमित यावा म्हणून. लहान रोपाला दिलं की पेरं, म्हणजे फांदीवरच्या दोन गाठींमधली अंतरं, आखूड होतात, पानं शेंड्याला झुपक्यासारखी दाटतात, झाड गोंडस दिसतं. असर ओसरला की तेच रोप लांब पेरं टाकत वर जातं. म्हणून शेंड्याची पेरं आणि त्याखालची पेरं यांत अचानक मोठा फरक दिसला तर विचारा. खरोखर आटोपशीर जाती हव्या असतील तर भारतातली आम्रपाली, म्हणजे दशेरी आणि नीलमचा संकर, किंवा फ्लोरिडात कुंडीसाठी लावतात त्या पिकरिंग आणि कॉगशॉल. या नावांनीही खोटी रोपं विकली जातात, पण निदान आश्वासन तरी झाडाच्या स्वभावाला धरून असतं.

‘जीआय प्रमाणित रोप’ या शब्दांवर तर व्यवहार तिथेच थांबवावा. हापूसचं भौगोलिक मानांकन ऑक्टोबर 2018 मध्ये मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत पिकलेल्या आंब्यासाठी. टोरोंटोच्या कुंडीतलं झाड अस्सल असलं तरी त्याचं फळ त्या मानांकनात बसत नाही. तसंच ‘थेट रत्नागिरीहून आणलंय’ म्हणणाऱ्याकडे आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मागा. भारतातली माती लागलेलं रोप कायदेशीर मार्गाने कॅनडात किंवा अमेरिकेत येत नाही. कागद नसतील तर एक तर बोलणं खोटं, नाही तर रोप चोरून आणलेलं, आणि अशा रोपाबरोबर कीड-रोगही येतात. बॅगेत घालून आणायचा मोह आपल्या लोकांना फार होतो. तो धरू नये.

दिव्याची फसवणूक पैशाने लहान, पण झाडाला तीच जास्त मारते. टोरोंटोत डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, आणि खिडकीच्या काचेतून येणारा उजेड आंब्याला अपुरा. खोक्यावर 1000 वॅट लिहिलेला जांभळा दिवा प्लगमधल्या वॅटमीटरला लावला तेव्हा 92 वॅट दिसले. हा आकडा कसा फुगवतात ते समजून घ्या : दहा वॅट क्षमतेचे 100 एलईडी बसवायचे, प्रत्येकाला दहाव्या हिश्श्याने चालवायचं आणि खोक्यावर क्षमतांची बेरीज छापायची. एवढाच वॅटमीटर विकत घेतला तर पुढचे सगळे खोटे दिवे टळतात.

हिशेब असा. झाडाला वापरता येणारा प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात, दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल. चांगला पांढरा एलईडी एका वॅटला सेकंदाला सुमारे 2.5 मायक्रोमोल प्रकाश देतो, हा जांभळा स्वस्त प्रकार फार तर 1.6 धरा. 92 गुणिले 1.6 म्हणजे सेकंदाला साधारण 147 मायक्रोमोल. सगळा प्रकाश बरोबर एक चौरस मीटरवर पडला आणि दिवा 14 तास चालला, तरी दिवसाला सात-साडेसात मोल होतात. घरातल्या आंब्याला मोहोर हवा असेल तर आम्ही दिवसाला 20 मोल धरतो. त्यासाठी 14 तास सेकंदाला सुमारे 400 मायक्रोमोल लागतात, म्हणजे 160 खरे वॅट, आणि कडेने वाया जाणारा प्रकाश धरला तर चौरस मीटरला 200. पांढऱ्या दिव्याखाली फोनमधल्या लक्स मापकाने शेंड्याजवळ 25 ते 28 हजार दिसायला हवेत. फोनचं माप ढोबळ असतं आणि जांभळ्या उजेडात ते चालतच नाही. दिवा अपुरा असला की पेरं लांबतात, पानं फिकट आणि लोंबती होतात, कुंडी सुकत नाही आणि मुळं कुजतात.

तिथेच रोपाबरोबर आलेलं काळजीचं पत्रक कामाला येतं, विकणाऱ्याच्या. त्यात लिहिलं होतं : रोज अर्धा लिटर पाणी, दर आठवड्याला खताची पुडी. कमी उजेडात, 10 लिटरच्या कुंडीत, हिवाळ्यात असं पाणी घातलं तर मुळं सडणारच, आणि मग “तुम्ही पाणी जास्त घातलंत” म्हणायला ते मोकळे. वरची चार-पाच सेंटीमीटर माती सुकल्यावरच पाणी द्यावं, तळातून निघेपर्यंत, आणि बशीतलं ओतून टाकावं. कुंडी थंड फरशीवर ठेवू नये, खाली लाकडाची फळी घालावी. मुळांशी गारठा असला की आंबा पाणी कमी ओढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवा कमी असेल तर खत बंद. माती हलकी हवी : चाळलेली पाइनची साल, कोकोपीट आणि परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे), सालीचा वाटा निम्म्याच्या आसपास. हीटिंगच्या कोरड्या हवेत पानांच्या खाली लाल कोळी आणि खवले कीड येते, म्हणून आठवड्याला पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसावीत.

‘दुसऱ्या वर्षी फळ’ हेही तपासून घेण्यासारखं आहे. खऱ्या कलमाला पहिल्या वर्षीच मोहोर येऊ शकतो, कारण काडी फळत्या झाडाची असते. तो खुडायचा असतो. खोड अंगठ्याएवढं होईपर्यंत फळ धरू दिलं तर झाड खंगतं. जाहिरातीत वीतभर रोपाला लोंबणारं फळ दिसलं तर खरेदीचा विचारच सोडा. शिवाय घरात चोवीस तास 21 अंश असले तर मोहोराची चालनाच मिळत नाही. पाच-सहा आठवडे रात्री 12 ते 15 अंशांची थंड, उजेडाची खोली लागते, मग पुन्हा ऊब. मोहोरावर परागकण नेणाऱ्या माश्या घरात नसतात, म्हणून तुऱ्यावरून मऊ ब्रश रोज हलकेच फिरवावा लागतो. हे सांगणारा विक्रेता दुसऱ्या वर्षीच्या फळाची हमी देत नाही.

पार्सल मागवायचंच तर मेअखेर ते सप्टेंबर. हिवाळ्यात गरम पिशवी घालून पाठवतो म्हणणाऱ्याला ती किती तासांची आहे ते विचारा; 72 तासांची पिशवी पाच दिवसांच्या प्रवासात तिसऱ्या दिवशी संपते.

मिसिसागातलं रोप फेकलं नाही. मुळं निरोगी होती, खोड पेन्सिलीएवढं जाड, म्हणजे खुंट म्हणून उत्तम. अशा रोपावर जून-जुलैत, घरात 25 ते 30 अंश असताना, पाचर कलम करता येतं. काडी त्याच देशातल्या, फळ देऊन ओळख पटलेल्या झाडाची घ्यावी. तीन-चार महिन्यांची पक्व, शेंड्याचा डोळा फुगलेला. कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटावीत. खुंट 15 ते 20 सेंटीमीटरवर आडवा कापून मध्ये साडेतीन सेंटीमीटर चीर द्यावी, काडीला तेवढीच पाचर करावी, निदान एका बाजूला तरी साल सालीला भिडली पाहिजे. पट्टी घट्ट बांधून वर पारदर्शक पिशवी घालावी आणि दिव्यापासून लांब ठेवावं. दोन ते तीन आठवड्यांत डोळा हलतो. पिशवी डोळा फुटल्यावर काढावी, पट्टी दुसरी पालवी पिकल्यावर, आणि जोडाखालून येणारी प्रत्येक फूट दिसल्या दिवशी खुडावी.