गोल एजच्या जुन्या ड्रमवर कुठली हेड्स (ड्रमवर ताणलेले पडदे)? लावून बघितलेल्यांचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, घाईत असलेल्यांनी एवढं वाचून निघा: जुना तीन प्लायचा (थरांचा) शेल, म्हणजे ड्रमचं लाकडी नळकांडं, आतून रिंग लावलेली, बेअरिंग एज (हेड टेकतं ती कड) गोल, अशा किटवर वरती रेमो अँबॅसडर कोटेड, खाली डिप्लोमॅट क्लिअर, आणि जो ड्रम मापाला थोडा मोठा निघाला त्याच्यावर अ‍ॅक्वेरियनचं अमेरिकन व्हिंटेज. हे ठरेपर्यंत बरीच उचकापाचक झाली, ती खाली लिहितोय.

किट साठच्या दशकातलं आहे, 13 आणि 16 इंची टॉम आणि 22 इंची बास ड्रम. माझी पहिली चूक म्हणजे मी हेड निवडताना नव्या ड्रमचा हिशोब लावला. नव्या शेलची कड बहुतेक वेळा 45 अंशात कापलेली असते, हेड एका बारीक रेषेवर टेकतं, म्हणून अटॅक (पहिला ठोका) कडक आणि सस्टेन (आवाज घुमत राहणं) लांब, आणि मग तो सस्टेन आवरायला लोक जाड डबल प्लाय हेड लावतात, जेल चिकटवतात, काय काय करतात. गोल कडेवर उलटं होतं. हेड जास्त रुंदीवर लाकडाला टेकतं त्यामुळे वरचे ओव्हरटोन (मूळ सुरावरचे बारीक सूर) तिथेच बसतात, मूळ सूर पुढे येतो आणि आवाज लवकर मिटतो, म्हणजे मफलिंगचं (आवाज दाबण्याचं) अर्धं काम ती कड स्वतःच करते. त्यावर मी हौसेने दोन थरांच्या मधे तेल असलेलं हेड लावलं (ब्रँड सांगत नाही, हेड वाईट नव्हतं, अक्कल माझी कमी पडली) आणि 16 चा फ्लोअर टॉम गादीवर थाप मारल्यासारखा वाजायला लागला. दोन दिवस ट्यूनिंगलाच शिव्या घालत बसलो होतो.

या कडा गोल का ठेवायचे हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. प्लास्टिक हेड आलं 1950 च्या दशकाच्या मध्यात, रेमो कंपनी सुरू झाली 1957 साली, त्याच्या आधी वासराचं कातडं. ते भिजवून रिंगवर दुमडून घ्यायचे आणि ओलं असतानाच ड्रमवर चढवायचे, वाळताना ते त्या ड्रमच्या कडेचाच आकार घ्यायचं. धारदार कडेपेक्षा गोल कड कातड्याला मानवायची. प्लास्टिक हेडची कॉलर (रिंगजवळचा वळलेला भाग) मात्र फॅक्टरीतूनच वळून येते, तिला तुमच्या शेलची काही ओळख नसते. प्लास्टिक आल्यावरही कडा गोल ठेवायची सवय बरीच वर्षं टिकली, त्यामुळे हेडची कॉलर एका आकाराची आणि लाकडाची कड दुसऱ्याच आकाराची, आणि ‘हा ड्रम ट्यूनच होत नाही’ या तक्रारीतल्या निम्म्या तरी इथल्याच असतात असं माझं मत आहे.

आता एकेक हेड.

अँबॅसडर कोटेड: एकच थर, 10 मिल, म्हणजे पाव मिलिमीटर. कुणी विचारलं तर डोळे झाकून हेच सांगेन. गोल कडेवर याचा आवाज भरीव येतो पण मेलेला नाही, हलक्या हाताला पण उत्तर देतं, ब्रशने वाजवलं तर कोटिंगची खरखर मिळते. 13 वर मध्यम ते चढं ट्यूनिंग केलं की असा गोल सूर निघतो की मी नुसता एक टॉम घेऊन पंधरा मिनिटं वाजवत बसलो होतो, शेजारच्या खोलीतून ‘झालं का’ असं ऐकू येईपर्यंत. फार खाली उतरवलं तर मात्र कडेला सुरकुती दिसायला लागते, तिथपर्यंत नेऊच नका.

फायबरस्किन: दिसायला कातड्यासारखं आणि ऐकायला अजून उबदार, अटॅक कमी. छोट्या खोलीत, ब्रशवर, मस्त. पण गोल कड आधीच मऊ, त्यात हे मऊ, काठीने जोरात वाजवणाऱ्याला टॉम मागे पडल्यासारखा वाटेल. मी 13 वरून काढून ठेवलंय, टाकलेलं नाही.

व्हिंटेज एम्परर: दोन थर, 7.5 मिलचे प्रत्येकी. दणकून वाजवणाऱ्यांसाठी ठीक, टिकेल पण. जुन्या किटवर कुणाला डबल प्लाय हवंच असेल तर मी इथपर्यंत येईन, याच्यापुढे नाही.

अमेरिकन व्हिंटेज: हे मुद्दाम मापाला किंचित मोठं बनवलेलं असतं, कारण जुने शेल बऱ्याचदा आजच्या मापापेक्षा थोडे मोठे असतात, वरून वर्षानुवर्षं ताण खाऊन थोडे अंडाकृती पण झालेले असतात. बाहेरची रिंग शेलवरून मोकळी उतरावी लागते. माझ्या 16 वर नेहमीचं हेड दाबून बसवावं लागत होतं आणि दाबून बसवलेलं हेड कधीच नीट ट्यून होत नाही, एक रॉड (हेड ताणणारा स्क्रू) फिरवला की रिंग दुसरीकडे घासते. हे चढवलं तर शेलवर हाताने गरगर फिरलं, तेव्हाच समजलं काम झालं. रेमोचं क्लासिक फिट पण याच कामासाठी आहे. घेण्याआधी टेपने दोन दिशांनी व्यास मोजा आणि जुनं हेड शेलवर ठेवून फिरवून बघा, अडकलं तर उत्तर मिळालं.

खालच्या बाजूला डिप्लोमॅट क्लिअर, 7.5 मिल. वरची कड आवाज खाते तेवढा खालच्या पातळ हेडने परत मिळतो. स्नेअर ड्रमच्या खाली स्नेअर साइडचंच पातळ हेड लागतं, 3 मिलवालं, तिथे दुसरं काही लावू नका.

ट्यूनिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण हेड कितीही चांगलं असलं तरी गोल कडेवर ते ‘बसलं’ पाहिजे. आधी रिकामा शेल सपाट काचेवर ठेवा, खोलीत अंधार करून आत बल्ब लावा, कडेखालून प्रकाश कुठे झिरपतो ते बघा. कागदाएवढी फट चालते, त्याहून मोठी असेल तर जाणकाराला दाखवा, पण स्वतः सँडपेपर घेऊन सुटू नका आणि 45 अंशात कापून तर अजिबात घेऊ नका, मूळ आवाज गेला की तो परत येत नाही आणि ड्रमची किंमत पण उतरते. कड कोरडी वाटली तर थोडं मेण चोळा.

मग सगळे रॉड बोटाने फिरतील तेवढेच फिरवा, त्यानंतर समोरासमोरचे लग (शेलवरचे, रॉड ज्यात फिरतात ते तुकडे) घेत अर्धा अर्धा फेरा. मधे तळहाताने हेड दाबा, कटकट आवाज आला तरी घाबरू नका, नवी हेड्स ताणाला तसा आवाज करतात. नंतर हव्या सुरापेक्षा बरंच वर चढवा आणि रात्रभर तसंच सोडा. या एका रात्रीत कॉलर त्या गोल कडेवर वाकते. सकाळी पूर्ण खाली उतरवा आणि पुन्हा खालून वर या, कायम खालूनच वर, वरून खाली येऊन थांबलं की रॉड सैल पडतो आणि दोन गाण्यांत सूर घसरतो. कडेपासून दोन बोटं आत प्रत्येक लगसमोर टिचकी मारून सूर जुळवा. जोर मोजणारी चावी मी वापरून बघितली, जुन्या रॉडच्या आट्या कुठे गंजलेल्या कुठे झिजलेल्या, ती भलतंच सांगते. रॉडला थोडं ग्रीस लावा आणि कानावर भरवसा ठेवा.

खालचं हेड मी वरच्यापेक्षा साधारण सा ते कोमल ग एवढं वर ठेवतो, टॉम तेव्हा मोकळा बोलतो. दोन्ही एकाच सुरात ठेवली तर सस्टेन सगळ्यात लांब, ते पण करून बघा, गोल कडेमुळे तो सस्टेन अंगावर येत नाही.

22 चं अजून पूर्ण जमलेलं नाही. दोन्ही बाजूंना कोटेड सिंगल प्लाय, आणि हेडच्या मागून आडवी फेल्टची पट्टी, पूर्वी लावायचे तशी. उशी भरलेली नाही, पुढच्या हेडला भोक पण नाही. आवाज मोठा आणि गोल येतो, फक्त पुढची पट्टी थोडी रुंद झालीये, ती काढून अरुंद लावायचीये आणि तेवढ्यासाठी सगळे क्लॉ (हेडची कड धरणारे आकडे) परत सोडायचे म्हणून पुढच्या रविवारवर ढकललंय.