लंडनमध्ये "देवगड हापूस" घेताय? आधी स्टिकर उचकटून बघा

मे महिन्यात इथे घराजवळच्या दुकानातून देवगड म्हणून पेटी घेतली, १८ पाउंडला १२ आंबे. बाजूला नुसत्या "हापूस"ची पेटी १२ला होती पण माझं माहेर देवगडजवळच्या जामसंड्याचं, म्हटलं वर्षातून एकदा तर आपलाच खाऊ.

घरी उघडली तर वासच नाही. आमच्याकडे अढी पिकली की अंगणापर्यंत घमघमतं. कापला तर साल जाड, गर पिवळट. आईला व्हिडिओ कॉलवर फोड दाखवली, ती लगेच म्हणाली, "हो आपलो आंबो न्हय गो." मग पेटी नीट बघितली, देवगडचं स्टिकर कोपऱ्यात सुटलं होतं, नखाने ओढलं तर खाली दुसरं लेबल, पॅकरचा पत्ता तुमकूर, कर्नाटक. रडूच आलं मला. तुमकूरच्या आंब्याशी माझं भांडण नाही, पण तो त्याच्या नावाने विका ना!

दुकानदार म्हणतो, "भाभी, इंडियाचाच माल आहे, लिहिलंय की." मेख तिथेच आहे. ताज्या फळावर देशाचं नाव लागतं, ते खरंच होतं, खोटं होतं ते गावाचं.

हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव), मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरसाठी, मला वाटायचं आता जगभर नाव सेफ. तसं नसतं, जीआय त्या त्या देशापुरतं, बाहेर वेगळी नोंदणी लागते. खोट्या ठिकाणाचं नाव लावलेला माल जप्त करा सांगणारा १८९१ चा माद्रिद करार आहे, ब्रिटन त्यात आहे, भारत नाही, त्यामुळे देवगडला त्याचा उपयोग नाही. डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटना) ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारात दोघेही आहेत पण तिथे वाइन-दारूला जादा संरक्षण, बाकी मालाला गिऱ्हाइकाची दिशाभूल झाली हे दाखवावं लागतं. शॅम्पेनवाल्याला जे मिळतं ते आमच्या बागायतदाराला का नाही, फार चीड येते.

इथल्या ग्राहक कायद्यात मात्र मालाच्या ठिकाणाबद्दल फसवणं बसतं, म्हणून सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन केला, ते ट्रेडिंग स्टँडर्ड्सला, म्हणजे दुकानदारांवर कारवाई करणाऱ्या सरकारी खात्याला, कळवतात. पावती आणि दोन्ही लेबलांचे फोटो ठेवा, मी पावती फेकली होती, कार्डाच्या स्टेटमेंटवर भागवलं. आणि देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ पासून फळावर कोडचं स्टिकर आणलंय, अर्धा नंबर स्टिकरच्या मागे असतो, ते आहे का हे दुकानातच विचारा, पैसे दिल्यावर नाही.