अलार्म आला की फोन करणारा ४जी डायलर: वापरानंतरचा अभिप्राय

इमारतीच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे. चिलर, पंप, जनरेटर, सर्व्हर रूमचं तापमान, सगळं बीएमएसच्या (इमारतीतल्या यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या संगणक प्रणालीच्या) स्क्रीनवर दिसतं. पण रात्री त्या स्क्रीनसमोर बसायला कोणी नसतं. त्यासाठीच हा चार इनपुटांचा डायलर बसवला आणि मी त्यावर मनापासून खूश आहे.

खूश असण्याचं मोठं कारण म्हणजे पोच. फोन उचलला की आपणच रेकॉर्ड केलेला निरोप ऐकू येतो, आणि १ दाबेपर्यंत डायलर काम झालं असं धरत नाही. कोणीच १ दाबलं नाही तर यादीतल्या पुढच्या नंबरला फोन लागतो. फोन नुसता उचलला गेला की थांबणारे डायलरही मिळतात. तिथे व्हॉइसमेलने कॉल घेतला तरी निरोप पोचला असं समजलं जातं आणि पंपरूममध्ये पाणी चढत राहतं. तेव्हा घेण्याआधी एवढं तरी नक्की विचारा. निरोप रेकॉर्ड करताना जागा आधी सांगा, बिघाड नंतर: ‘तळघर, पंपरूम, पाणी वाढलंय.’ झोपेतून उठलेल्या माणसाला तेवढंच कळायला हवं.

जोडणी अवघड नाही. बीएमएस कंट्रोलरच्या रिलेचा ड्राय कॉन्टॅक्ट (स्वतःची वीज नसलेला, नुसत्या स्विचसारखा संपर्क) डायलरच्या इनपुटला द्यायचा. मी सगळे इनपुट नॉर्मली क्लोज्ड ठेवले (एरवी सर्किट जोडलेलं, अलार्मला तुटतं), म्हणजे वायर तुटली तरी फोन येतो. नॉर्मली ओपन ठेवलं असतं तर तुटलेली वायर कोणाला कळलीच नसती.

खरा वेळ द्यावा लागतो तो कशासाठी फोन यावा हे ठरवायला. प्रत्येक इनपुटला वेगळा विलंब देता येतो. लाइट गेल्यावर जनरेटर लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात, म्हणून तिथे ६० सेकंद ठेवले. पाण्याच्या फ्लोटला (पातळी वाढली की चालू होणाऱ्या तरंगत्या स्विचला) अगदी थोडे. सर्व्हरकडे जाणाऱ्या हवेसाठी अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस १८ ते २७ अंश सेल्सिअसची आहे. म्हणून बीएमएसमध्ये २७ च्या वर अलार्म आणि २५ च्या खाली आल्यावरच तो रिसेट, असं लावलं. नाहीतर तापमान २७ च्या आसपास खालीवर होत राहतं आणि रात्रभर फोन वाजतो. मग माणसं फोन सायलेंटवर टाकतात, त्यांना दोष कसा देणार? फिल्टर बदलायची आठवण वगैरे गोष्टी ईमेलवरच बऱ्या.

आता उणिवा. सेटिंग एसएमएस कमांडने करावं लागतं, ते किचकट आहे. दिवसपाळी आणि रात्रपाळीसाठी नंबरांच्या वेगळ्या याद्या ठेवता येत नाहीत. बॅकनेट या बीएमएस उपकरणांच्या संवादाच्या प्रमाणपद्धतीत अलार्म कोणाला जायचा हे नोटिफिकेशन क्लासमध्ये ठरतं आणि तिथे प्रत्येक रिसिपियंटला वार आणि वेळ देता येते, मग इथे ही सोय का नसावी? पत्र्याच्या पॅनेलमध्ये रेंज मिळत नाही, अँटेना बाहेर काढावाच लागतो. आतली बॅटरी छोटी आहे, त्यामुळे डायलर यूपीएसवरच ठेवा.

सिमचं रिचार्ज संपलं तर डायलर गप्प होतो आणि ते कळवायलाही त्याच्याकडे मार्ग उरत नाही. त्यावर उपाय म्हणून रोज सकाळी ‘चालू आहे’ असा एसएमएस पाठवण्याची सोय दिली आहे. ती सुरू करा आणि तो एसएमएस आला नाही तर कोणी बघायचं हेही ठरवून ठेवा.

आगीच्या अलार्मसाठी मात्र यावर विसंबू नका. फायर पॅनेलची स्वतःची स्वतंत्र व्यवस्थाच हवी. पंप, वीज आणि तापमान यांच्यासाठी हा डायलर मी बिनधास्त सुचवेन. पाळीनुसार याद्या आल्या तर शेजारच्या इमारतीसाठीही हाच मागवणार आहे.