मिजेट की स्पिटफायर: स्वतःच्या हाताने गाडी उभी करणाऱ्यासाठी

लहान, दोन आसनांची, कापडी छताची जुनी ब्रिटिश गाडी घेऊन ती स्वतः उभी करावी असे ज्याच्या मनात येते, त्याचा शोध थोड्याच चौकशीनंतर बहुधा दोन नावांपाशी थांबतो: एमजी मिजेट आणि ट्रायम्फ स्पिटफायर. मिजेट १९६१ मध्ये आली आणि स्पिटफायर १९६२ मध्ये. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड स्थापन झाल्यावर दोघी एकाच मालकाच्या झाल्या, तरीही पुढची दहा-बारा वर्षे त्या एकमेकींचे गिऱ्हाईक ओढत राहिल्या. मी दोन्ही बाळगल्या आहेत. १९७१ ची १२७५ सीसीची मिजेट सहा वर्षे माझ्याकडे होती आणि १९७८ ची स्पिटफायर १५०० गेली आठ वर्षे आहे. मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो आणि स्पिटफायर जेथे बनत असे तो कॅन्लीचा कारखाना याच शहरातला होता. मात्र त्या आपलेपणाचा माझ्या निवडीत वाटा नव्हता, कारण पहिली गाडी मी अ‍ॅबिंग्डनमध्ये बनलेली, म्हणजे मिजेटच, घेतली होती.

अश्वशक्ती, वजन आणि वेग यांचे आकडे कोठेही मिळतात. पन्नास वर्षांत दोन-तीन वेळा उघडून बांधलेल्या इंजिनाला ते कितपत लागू पडतात, याविषयी मला शंका आहे. म्हणून येथे मी फक्त अशा गोष्टींविषयी लिहितो, ज्या गाडी गॅरेजमध्ये आल्यावरच कळतात.

पहिली गोष्ट गंजाची. मिजेटला वेगळी चॅसी नाही. तिचे पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा आहे. दाराखालचे सिल, दारापुढच्या खांबाचा तळ आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पुढचे टोक जेथे अडकते ती जागा, या तीन ठिकाणी पत्रा गेलेला असेल, तर गाडी रंगाने कितीही चकचकीत असली तरी ती आतून खचलेली आहे असे समजावे. गाडी मागून जॅकवर थोडी उचलावी आणि मग दार उघडून पुन्हा लावून पाहावे. ते सहज लागले नाही, तर मालकाचे बाकीचे बोलणे ऐकण्याची गरज उरत नाही.

स्पिटफायरला वेगळी चॅसी आहे. त्यामुळे तिचे सिल केवळ शोभेचे आहेत आणि ते कधीही कापून नवे लावता येतात, असा एक समज पसरलेला आहे. तो खरा नाही आणि त्या समजापायी अनेक चांगल्या गाड्या वाया गेल्या आहेत. स्पिटफायरची चॅसी ट्रायम्फ हेराल्ड या गाडीवरून घेतलेली आहे, पण तसे करताना हेराल्डच्या चॅसीचे बाजूचे दांडे काढून टाकण्यात आले आणि तो भार सिलवर सोपवण्यात आला. शिवाय मागच्या चाकांना पुढे-मागे सरकू न देणारे दांडे चॅसीला नव्हे तर अंगालाच जोडलेले असतात. मी माझ्या गाडीचे डावे सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी आडवी वेल्ड करून घेतली होती, तरीही काम संपल्यावर दाराची फट वरच्या बाजूला बोटभर कमी झाली होती आणि ती सारखी करण्यात माझे तीन आठवडे गेले. गंजाच्या हिशेबात दोन्ही गाड्या मला सारख्याच वाटतात. किंबहुना मूळ साच्यांवर घडवलेले मिजेटचे संपूर्ण नवे अंग ब्रिटिश मोटार हेरिटेज या कंपनीने उपलब्ध करून दिले, हे लक्षात घेता, वेल्डिंग न येणाऱ्याला मिजेटमध्ये सुटकेची एक जास्तीची वाट आहे.

चालवण्याच्या बाबतीत मी मनापासून मिजेटच्या बाजूने बोलेन. कॉट्सवोल्ड्समधल्या अरुंद, दोन्ही बाजूंनी झुडपांच्या भिंती असलेल्या वळणदार रस्त्यावर मिजेटचे स्टीअरिंग ज्या तत्परतेने हाताचे ऐकते, तसे स्पिटफायरचे ऐकत नाही. मिजेटमध्ये माणूस गाडीत बसत नाही, तर ती अंगावर चढवतो. स्पिटफायर थोडी ऐसपैस आहे, वळताना थोडी कलते, आणि १९७० च्या आधीच्या नमुन्यांत भर वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मागचे चाक आत दुमडण्याची खोड होती. ज्याला गाडी चालवण्याचाच छंद आहे आणि दुरुस्ती बाहेर करून घेण्याची ऐपत आहे, त्याने मिजेट घ्यावी, असे मी आजही सांगेन. मोटरवेवर मात्र चित्र पालटते. स्पिटफायरला तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर चालणारा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जोडगिअर, मिळत असे, मिजेटला तो कारखान्यातून कधीच मिळाला नाही. त्यामुळे मिजेटमध्ये तासभर मोटरवेवर गेल्यानंतर उतरल्यावरही कानात इंजिनाचा आवाज घुमत राहतो.

आता ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला, त्याविषयी.

मिजेटच्या दुसऱ्याच वर्षी क्लच दाबल्यावर बारीक किंकाळीसारखा आवाज येऊ लागला. तिच्या क्लचचे रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा भाग, गोळ्यांचे नसते. ती ग्रॅफाइटची एक कडी असते आणि क्लच दाबला की ती प्रेशर प्लेटवर घासत राहते. पाय उचललेला असेल तोपर्यंत तिची झीज होत नाही. मी गाडी चालवायला पुण्यात शिकलो आणि सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून थांबण्याची सवय मला तेथेच लागली. या बेअरिंगला याहून घातक सवय दुसरी नाही. ते बदलायचे ठरवून मी पुस्तिका उघडली, तेव्हा पहिल्याच ओळीत लिहिलेले होते की इंजिन बाहेर काढावे.

गिअरबॉक्सवरचा उंचवटा मिजेटमध्ये अंगाच्या पत्र्याचाच भाग आहे, त्यामुळे गिअरबॉक्स ना वरून निघतो ना खालून. बॉनेट उतरवायचे, पाणी काढून रेडिएटर बाजूला ठेवायचा, कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा पाइप सोडवायचा, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट मोकळा करायचा, आणि मग इंजिन गिअरबॉक्ससकट क्रेनला टांगून, जवळजवळ उभे तिरके करून, बॉनेटच्या त्या लहानशा तोंडातून बाहेर ओढायचे. एवढे सगळे करताना गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल जमिनीवर येते ते वेगळेच. माझे गॅरेज येथल्या बहुतेक घरांप्रमाणे एका गाडीपुरते आहे. क्रेन गाडीसमोर उभी करायची, तर गाडीचे नाक दाराबाहेर ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. ते ऑक्टोबरचे दिवस होते. चार शनिवार-रविवार मी ताडपत्रीखाली, भिजलेल्या हातांनी ते काम केले.

आणि सात महिन्यांनी तोच आवाज पुन्हा आला. नव्या बेअरिंगमधली ग्रॅफाइटची कडी तिच्या धातूच्या बैठकीतून तुकडे होऊन सुटली होती. विक्रेत्याने कोणतीही खळखळ न करता दुसरे बेअरिंग दिले, पण ते बसवायला इंजिन पुन्हा बाहेर काढणे भागच होते. आता त्या जागी फिरणाऱ्या बेअरिंगचे पर्यायही मिळतात आणि काही जण त्यांवर समाधानी आहेत. परंतु तो पर्याय बसवण्यासाठीही वाट तीच आहे. प्रश्न बेअरिंग चांगले की वाईट हा नव्हता. ज्या भागाची झीज होणारच, त्याच्यापर्यंत पोहोचायला प्रत्येक वेळी अर्धी गाडी उकलावी लागते, हे मला पटेनासे झाले.

स्पिटफायर घेतल्यानंतर तिसऱ्या वर्षी तिचाही क्लच बदलण्याची वेळ आली. दोन्ही आसने, गालिचे आणि डॅशबोर्डखालचा आधार काढला. मग गिअरबॉक्सवरचे झाकण, जे स्क्रूंनी बसवलेले असते, सोडवून उचलले आणि सगळा गिअरबॉक्स समोर मोकळा पडला. इंजिनाखाली फळी देऊन जॅक लावला, इंजिनाशी जोडणारे बोल्ट सोडले, गिअरबॉक्स मागे सरकवला आणि मुलाच्या मदतीने तो डाव्या दारातून बाहेर घेतला. शनिवारी सकाळी सुरुवात केली होती. रविवारी दुपारी आम्ही दोघे त्याच गाडीतून केनिलवर्थला जाऊन आलो. इंजिन जागचे हलले नाही, आणि गॅरेजचे दार सगळा वेळ बंद होते. इंग्लंडमध्ये ज्याला छंद म्हणून गाडीचे काम करायचे आहे, त्याने दार बंद ठेवून काम होणे या सोयीचे मोल कमी लेखू नये.

इंजिनाच्या कामालाही हेच लागू पडते. स्पिटफायरचे बॉनेट म्हणजे गाडीचा पुढचा सगळा भाग, चाकांवरच्या पंखांसकट, पुढे कलंडतो आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडे होते. पुढच्या टायरवर बसून कार्बोरेटर जुळवता येतात. हे दृश्य मी लहानपणी पाहिलेले होते. माझ्या मामांकडे कोल्हापुरात स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६० च्या दशकात भारतात बनवलेली ही गाडी म्हणजे ट्रायम्फ हेराल्डच, आणि तिचे बॉनेटही असेच पुढे उघडत असे. मामांचा मेस्त्री टायरवर बसून, चहाचा पेला बॅटरीशेजारी ठेवून, निवांत काम करत असे. माझ्या स्पिटफायरची चॅसी त्याच घराण्यातली आहे हे मला गाडी घेतल्यावर कळले, आणि त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

फेरफार करण्याची हौस असणाऱ्याने मिजेटच्या बाजूचा एक मोठा मुद्दा विसरू नये. तिचे ए-सिरीज इंजिन मूळ मिनी गाडीतही असल्यामुळे त्याची ताकद वाढवण्याचे ज्ञान आणि सामान दोन्ही अमाप आहे. कॅमशाफ्ट, सिलिंडर हेड, कार्बोरेटर, जे मागावे ते मिळते. फोर्डचा पाच गिअरचा बॉक्स बसवण्याचे संचही मिळतात. स्पिटफायरमध्ये इतका पसारा नाही, पण मला तो लागला नाही. माझ्या गाडीत ओव्हरड्राइव्ह नव्हता. तो असलेला जुना गिअरबॉक्स आणि त्याला जुळणारा प्रोपेलर शाफ्ट मिळवून मी वर सांगितलेल्याच पद्धतीने, आतून, बदलून घेतला. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाले आणि गाडीचे मूळ रूपही राखले गेले. माझ्या मते या गाड्यांत करण्याजोगा सर्वांत समंजस फेरफार हाच आहे. काढलेला प्रत्येक मूळ भाग मी नावाची चिठ्ठी लावून ठेवला आहे.

नंतरच्या, रबरी बंपरच्या मिजेटमध्ये ट्रायम्फचेच १४९३ सीसीचे इंजिन असल्याने तीत दोन्ही गाड्यांचे गुण मिळतील, अशी आशा काही जण धरतात. माझा सल्ला विचारला तर मी सावधपणे नाही म्हणेन. इंजिन बदलले, गिअरबॉक्स मॉरिस मरीना या गाडीचा आला, पण क्लचपर्यंत जाण्याची वाट जुनीच राहिली.

स्पिटफायरचे दोषही सांगितले पाहिजेत. मागच्या चाकाचे हब ओढून काढायला साधा पुलर पुरत नाही. ते काम मी दोन्ही वेळा वर्कशॉपकडे दिले. पुढच्या चाकांच्या खालच्या पितळी सांध्यांत, म्हणजे ट्रनियनमध्ये, ग्रीस नव्हे तर गिअरचे तेल भरावे लागते. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे ग्रीस भरले असेल, तर आतले आटे गंजून चालत्या गाडीचे चाक निखळू शकते. विकत घेताच हे सांधे उघडून पाहावेत, त्यात चालढकल करू नये.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न झालेल्या गाडीला वार्षिक तपासणीची सक्ती नाही, त्यामुळे विकायला आलेली गाडी गेल्या कित्येक वर्षांत कोणी नीट पाहिलेलीच नसण्याची शक्यता असते. स्पिटफायर १५०० पाहायला जाल तेव्हा आधी बॉनेट पुढे कलंडवा, इंजिन बंद ठेवा, मालकाला क्लच दाबून सोडायला सांगा, आणि तुम्ही इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे पाहा. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकत असेल, तर क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेले किंवा गळून तेलाच्या टाकीत पडलेले आहेत, आणि मग पत्रा, रंग, छत यांतले काहीही न पाहता परत यावे. पुली जागची हलली नाही, तर सिलकडे वळावे.